रंगले, लागले, पटले : खंजेरी भजनाच्या श्रोत्यांचा वाद आणि आस्वादमीमांसेपुढील काही प्रश्न

मराठी समीक्षेने 'रसिक' हा शब्द पुष्कळ वापरला. रसिकांचे आपापसांतले बोलणे मात्र तिने फारसे ऐकले नाही. संस्कृत साहित्यशास्त्रातील सहृदय असो, मर्ढेकरांचा आस्वादक असो किंवा वाचककेंद्री सिद्धान्तांबरोबर आलेला 'वाचक' असो, तो बहुधा एकटा असतो, कलाकृतीसमोर बसलेला असतो आणि मुका असतो. त्याच्या मनात जे घडते त्याचे वर्णन समीक्षकच त्याच्या वतीने करतो. दोन रसिक एकमेकांशी हट्टाने भांडत आहेत, एक या गाण्याला श्रेष्ठ म्हणतो आहे आणि दुसरा त्या गाण्याला, असे दृश्य मराठी सौंदर्यशास्त्राच्या पृष्ठांवर जवळजवळ आढळत नाही. 'सर्वांत चांगले गाणे कोणते?' हा प्रश्नच पोरकट मानून उंबरठ्याबाहेर ठेवला जातो. सायमन फ्रिथ यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'परफॉर्मिंग राइट्स' या ग्रंथात लोकप्रिय संगीताच्या संदर्भात या समजुतीला हरकत घेतली. चाहत्यांमधला आवडीनिवडीचा वाद ही आस्वाद संपल्यानंतरची गप्पाटप्पा नसून तो आस्वादाचाच गाभा आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. फ्रिथ यांच्यासमोर ध्वनिमुद्रिका होत्या, रेडिओ होता आणि पाश्चात्त्य शहरांतील तरुण श्रोता होता. ज्या गाण्यात गायक आणि श्रोता यांच्या जागा एका रात्रीत अनेकदा बदलतात, अशा गाण्याच्या बाबतीत हा वाद कोणते रूप धारण करतो, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा होता. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत तो विचारता येतो, कारण तेथे संत तुकडोजी महाराजांच्या भजनांभोवती असा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) जन्माने अमरावती जिल्ह्यातील यावलीचे आणि कर्माने मोझरीच्या गुरुकुंजाचे. परंतु त्यांच्या तारुण्याचा मोठा कालखंड चिमूरच्या परिसरातील रानात, रामदेगी आणि गोंदेडा या स्थळांच्या आसपास गेला. गोंदेड्याची गुंफा आजही तपोभूमी म्हणून ओळखली जाते. त्यामुळे या भागातील श्रोता त्यांच्याकडे बाहेरून आलेला संत म्हणून पाहत नाही. गावोगावच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळांनी त्यांची भजने सांभाळली. एक-दोन खंजेऱ्या, पेटी, तबला किंवा ढोलक, टाळ आणि मागे ओळ उचलणारे साथीदार, एवढा या संचाचा संसार. शहरी संगीतात कंपनीच्या कराराबाहेर राहून स्वतःच्या बळावर गाणाऱ्या गटांना आता 'स्वतंत्र' असे विशेषण अभिमानाने लावले जाते. खंजेरी मंडळाला ते कधी लावून घ्यावे लागले नाही. दिवसा धानाच्या बांधीत असणारा माणूस रात्री खंजेरी हातात घेतो, इतकीच त्याची व्यावसायिक बाजू.

भजन संपल्यावर, चहा येईपर्यंतच्या वेळात, किंवा दुसऱ्या दिवशी पारावर, 'महाराजांचे कोणते भजन खरे' असा वाद सुरू होतो. त्यातील पक्ष साधारणपणे ठरलेले आहेत. एक पक्ष झोपडीच्या भजनाचा. राजवाड्यातील सुखे झोपडीतच सापडल्याचे सांगणारे हे मराठी भजन महाराष्ट्रभर परिचित आहे. दुसरा पक्ष १९४२ च्या भजनाचा. झाडे शस्त्रे होतील, दगड स्फोटके होतील आणि भक्तांची सेना होईल, अशी प्रतिज्ञा करणारी ही हिंदी रचना परंपरेने चिमूरच्या उठावाशी जोडली गेली आहे. तिसरा पक्ष भावाशिवाय देव मागणाऱ्यांची टर उडवणाऱ्या, देव हा बाजारातला भाजीपाला नव्हे असे बजावणाऱ्या मराठी भजनाचा. चौथा पक्ष सर्व देशांत आणि सर्व वेषांत एकच ईश्वर पाहणाऱ्या हिंदी भजनाचा. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेला महाराज गेले होते. हे भजन त्यांच्या त्या प्रवासाच्या आठवणीशी बांधले गेले आहे. महाराजांनी हजारो रचना केल्या, त्यामुळे पाचवा, सहावा आणि दहावा पक्षही निघू शकतो. तथापि वादाची सारी धग या चौघांत, आणि विशेषतः पहिल्या दोघांत, साठलेली असते.

पक्षांपेक्षा लक्षणीय आहे ती वादाची भाषा. 'सुंदर' हे विशेषण तेथे गळ्याला लागते, भजनाला क्वचित. भजनाविषयी बोलताना श्रोता विशेषणाकडे न जाता क्रियापदाकडे जातो आणि ती क्रियापदे प्रामुख्याने तीन आहेत : भजन रंगते, भजन लागते, भजन पटते. या तिघांच्या व्याकरणात एक महत्त्वाचा भेद आहे. 'लागणे' आणि 'पटणे' यांना अनुभवणारा माणूस हवा असतो. मला लागले, त्याला पटले, अशी त्यांची रचना होते. 'लागणे' तर बाणाचेही असते, भुकेचेही आणि सुराचेही. त्यात इजा, तहान आणि अचूकपणा हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. 'पटणे' हे युक्तिवादाचे आणि हिशेबाचे क्रियापद. 'रंगणे' मात्र या दोहोंहून वेगळे पडते. भजन रंगले, इतकेच वाक्य पुरते. कोणाला रंगले असे कोणी विचारीत नाही आणि 'मला रंगले' हे मराठीच नव्हे.

हा भेद केवळ बोलीचा नाही. कांटने १७९० च्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांच्यात सीमारेषा आखताना नेमक्या याच खुणेचा आधार घेतला होता. एखादी मदिरा सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला' हा शब्द जोडायला तयार असले पाहिजे. परंतु एखादी वस्तू 'मला सुंदर आहे' असे म्हणणे हास्यास्पद ठरेल, कारण सुंदर म्हणताच ती इतरांनाही सुंदर वाटावी अशी मागणी केली जाते. या कसोटीवर 'लागले' सुखदाच्या बाजूला जाते आणि 'रंगले' सुंदराच्या. पण येथेच कांटची चौकट अपुरी पडू लागते. कांटचा सौंदर्यनिर्णय निरपेक्ष असतो, वस्तूच्या उपयोगाशी व प्रसंगाशी त्याला कर्तव्य नसते. 'रंगले' हा निर्णय मात्र प्रसंगाला इतका चिकटलेला असतो की तोच गायक, तेच शब्द, तीच चाल असूनही कालचे भजन रंगलेले असते आणि आजचे नसते. म्हणजे सार्वत्रिकतेची मागणी आहे, परंतु ती त्या रात्रीपुरती आणि त्या बैठकीपुरती आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले आणि अलौकिकतावादी व लौकिकतावादी अशा दोन टोकांमधील तिचा वावर दाखवला. भजनाच्या श्रोत्याने हे दोन ध्रुव दोन क्रियापदांत वाटून घेतले आहेत, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. कारण श्रोता एका ध्रुवावर उभा राहत नाही. वादाच्या ओघात तो एका क्रियापदावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि प्रतिपक्षालाही तशी उडी मारायला भाग पाडतो. झोपडीचे भजन लागते हे मान्य, पण चाळीस माणसांत ते रंगते का, असा एकाचा प्रश्न असतो. बेचाळीसचे भजन रंगते, पण आज ते पटते का, असे त्याला उत्तर मिळते.

रुचीविषयी भांडता येते परंतु सिद्ध करून दाखवता येत नाही, हेही कांटचेच निरीक्षण. भजनाच्या वादात मात्र 'दाखवण्या'ची एक रीत आहे आणि ती सिद्धतेची नसून प्रयोगाची आहे. आपला पक्ष मांडणारा मध्येच बोलणे थांबवून ओळ म्हणून दाखवतो. कोणते कडवे निवडले, ध्रुवपदावर किती वेळा परतले, कोणत्या शब्दावर खंजेरी थांबवली, यांतूनच त्याचे अर्थनिर्णयन व्यक्त होते. प्रतिपक्षाला ते खोडायचे असेल तर त्यालाही गाऊनच खोडावे लागते. समीक्षा आणि समीक्षाविषय यांचे माध्यम येथे एकच आहे. लिखित समीक्षेला हे सुख कधी लाभत नाही. कादंबरीवरचा लेख कादंबरीच्या रूपात लिहिता येत नाही. याचा परिणाम असा की वादातला प्रत्येक पुरावा ही नवी कलाकृतीही असते. आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) मध्ये मौखिक परंपरेतील प्रत्येक गायन हे स्वतंत्र गीत असते असे दाखवले होते. तुकडोजींची भजने छापलेली आहेत, त्यामुळे लॉर्ड यांचा सिद्धान्त त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. शब्द स्थिर आहेत. अस्थिर आहे तो शब्दांमधला भार, आणि वाद त्याच भाराविषयी असतो.

झोपडीच्या भजनाच्या बाबतीत हा भार कोठे पडतो ते पाहण्यासारखे आहे. शालेय वाचनातून आणि सुगम संगीतातून या रचनेचे जे रूप रूढ झाले ते समाधानाचे. गरिबाने आपल्या गरिबीत सुख मानावे, असा तिचा अर्थ लावला गेला आणि अनेक सुशिक्षित वाचकांना ती नेमकी याच कारणासाठी नकोशीही झाली. संहितेकडे बारकाईने पाहिले तर वेगळी रचना दिसते. मर्ढेकरांच्या परिभाषेत तिची लय विरोधाची आहे : राजवाडा आणि झोपडी यांची तुलना कडव्यामागून कडव्यात चालते. झोपडीला स्वतःचे असे गुण थोडेच दिले आहेत; जमिनीवर पडून तारे पाहणे आणि नाम घेणे, एवढेच. बाकीचे सारे वर्णन राजवाड्याच्या अभावाने झालेले आहे. तेथे पहारे आहेत आणि तरीही चोऱ्या होतात. येथे दाराला बंधन नाही. तेथे मऊ बिछाने आणि दिवे आहेत, येथे भुई. आणि मधल्या एका कडव्यात राजवाड्याच्या दारावरचा मनाईचा शब्द येतो. हा शब्द ज्याने ऐकला तो कधी तरी त्या दारापर्यंत गेलेला असला पाहिजे. समाधानाचे म्हणून गायिले जाणारे भजन अशा रीतीने एका नकाराच्या आठवणीवर उभे आहे. पुढे कोणीही सुखाने यावे, सुखाने जावे, असे निमंत्रण आहे ते त्या नकाराला दिलेले उत्तर आहे.

मंडळातला गायक कडव्यांमध्ये निवड करतो तेव्हा या दोन अर्थांपैकी एक अर्थ पुढे येतो. ताऱ्यांच्या कडव्यावर रेंगाळणारा गायक शांतरसाकडे नेतो, मनाईच्या शब्दावर खंजेरी थांबवणारा वेगळीकडे. शिवाय ध्रुवपदाच्या अखेरीस स्वामित्वदर्शक सर्वनाम आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाला ते पूरक, छंदासाठी आलेले वाटेल. ज्या जिल्ह्यांत वनजमिनीवरील घर आणि शेत कागदोपत्री 'अतिक्रमण' ठरत आले, जेथे २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर पट्ट्यासाठी दावे दाखल करावे लागले, तेथे झोपडी आपली असणे ही अलंकारिक गोष्ट राहत नाही. रचना त्या कायद्याच्या कितीतरी आधीची, तिचा तसा उद्देश नव्हता, हे उघड आहे. परंतु उद्देशाने अर्थ संपत नाही, हे गेल्या अर्धशतकातील साहित्यविचाराने पुरेसे पटवून दिले आहे. झोपडीच्या पक्षाला 'निवृत्तिवादी' म्हणून निकालात काढणाऱ्या अभ्यासकाने निदान एवढे तरी तपासावे की तो कोणत्या ठिकाणी बसून ऐकत आहे.

दुसऱ्या पक्षाचे भजन अधिक अवघड. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मोर्चा निघाला. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण मारला गेला आणि संतप्त जमावाने सरकारी अधिकाऱ्यांचे प्राण घेतले. त्यानंतर लष्कर आणि पोलीस यांनी गावावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भणसाळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. तुकडोजींना त्याच महिन्याच्या अखेरीस अटक होऊन नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले आणि डिसेंबरात त्यांची सुटका झाली. एका भजनाने उठाव झाला, असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. भजनाचा उठावाशी काही संबंध नव्हता असे म्हणणेही तितकेच चुकीचे. वासाहतिक शासनाला भजनकाराला तुरुंगात टाकणे आवश्यक वाटले, ही गोष्ट त्या भजनाच्या परिणामाविषयी बरेच काही सांगते.

या रचनेची प्रतिमासृष्टी रानातील आहे. शस्त्रागार नाही, कारखाना नाही; जे हाताशी आहे, झाड आणि दगड, तेच रूप बदलणार आहे. साऱ्या रचनेला पेलून धरणारा काळ आहे भविष्यकाळ. भक्तिपर पदांत चमत्काराचा काळ बहुधा भूतकाळ असतो : देवाने अमक्याला तारले, तमक्यासाठी धाव घेतली. येथे चमत्कार अजून घडायचा आहे आणि तो घडवणारे भक्तच आहेत. म्हणूनच ते समूहगायनात रंगते. भविष्यकाळाची क्रियापदे मागच्या साथीदारांनी उचलली की ती प्रतिज्ञा होतात. एकट्याने म्हटले तर तेच शब्द भाकितासारखे, काहीसे पोकळ ऐकू येतात. या भजनाचे चाहते मोबाईलवरच्या एकट्या गळ्याच्या ध्वनिफितीवर नाराज असतात त्याचे कारण केवळ जुन्या दिवसांची ओढ हे नसून हा व्याकरणाचा प्रश्नही असावा.

परंतु १९४७ नंतर हा भविष्यकाळ कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर वादात स्पष्टपणे क्वचितच दिले जाते, आणि तसे होण्याला कारणे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात १९८० पासून नक्षलवादी दलमांचा वावर सुरू झाला आणि पुढची चार दशके रानातल्या शस्त्रांचा अर्थ तेथे प्रतिमेपुरता राहिला नाही. बंदूक दोन्ही बाजूंनी आली आणि मधल्या गावांनी माणसे गमावली. अशा ठिकाणी झाडांची शस्त्रे करणारे भजन म्हणताना गायक त्याला आधी बेचाळीसची चौकट घालतो. चिमूरचे नाव घेतो, हुतात्म्यांचे स्मरण करतो आणि मग खंजेरी उचलतो. ही प्रस्तावना म्हणजे केवळ आदर व्यक्त करण्याची रीत मानली तर तिचे कार्य नजरेतून निसटते. ती अर्थाला कुंपण घालते. संहितेचा भविष्यकाळ तिच्यामुळे इतिहासात बंदिस्त होतो. 'पण आज ते पटते का?' या प्रतिपक्षाच्या प्रश्नामागे हीच अस्वस्थता असते. झोपडीच्या भजनाला अशी प्रस्तावना लागत नाही, ही त्याच्या लोकप्रियतेमागची एक न बोललेली बाजू आहे.

यावरून या वादाचे स्वरूप थोडे स्पष्ट होऊ लागते. दोन भजनांपैकी एकाची निवड करणे म्हणजे त्यांच्या कर्त्याच्या दोन प्रतिमांपैकी एकीची निवड करणे : तुरुंगात गेलेला भजनकार, की डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ज्यांना 'राष्ट्रसंत' म्हटले तो लोकशिक्षक. भाजीपाल्याच्या भजनाचा पक्ष तिसरी प्रतिमा पुढे करतो, ती कर्मकांडाचा उपहास करणाऱ्याची. सप्तखंजेरीवादक सत्यपाल महाराजांच्या कीर्तनाने प्रबोधनाची हीच बाजू महाराष्ट्रभर नेली. तेथे 'पटणे' हे क्रियापद सर्वांवर मात करते आणि ते हास्याच्या वाटेने येते. श्रोता हसला म्हणजे त्याला पटले, इतका सरळ हिशेब. विश्वैक्याच्या हिंदी भजनाची बाजू या मानाने दुबळी मांडली जाते. ते सर्वांना मान्य असल्यामुळे त्याच्यासाठी कोणी भांडत नाही, आणि ज्याच्यासाठी कोणी भांडत नाही ते भजन बैठकीच्या आरंभी किंवा समारोपाला सभ्यपणे म्हटले जाते.

हिंदी-मराठीचा मुद्दा येथे अपरिहार्यपणे निघतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ हा हिंदी भाषकांचा मोठा प्रदेश असलेल्या राज्याचा भाग होता, आणि जुन्या चांदा जिल्ह्यात मराठी व झाडीबोली यांच्याबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू आणि हिंदी नांदत होत्या. तुकडोजींची हिंदी ही या वस्तीतली हिंदी आहे. तिला व्याकरणाच्या कसोट्या लावणारा हिंदीचा प्राध्यापक निराश होईल. मराठी वाङ्मयेतिहास तिला बहुधा परकी म्हणून सोडून देतो आणि हिंदी वाङ्मयेतिहास तिला आपली म्हणत नाही. दोन्ही इतिहासांनी सोडलेली ही रचना श्रोत्यांच्या वादात मात्र बरोबरीने उभी असते. १९४२ चे भजन मराठीत असते तर ते इतके पसरले असते का, असा प्रश्न तेथे निघू शकतो. वाङ्मयेतिहासकाराने तो अजून विचारलेला नाही.

छापील भजनसंग्रहांत रचनेच्या डोक्यावर 'तर्ज' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचा निर्देश असतो. चाल उसनी आहे, असे संहिता स्वतःच जाहीर करते. अडोर्नोने १९४१ साली लोकप्रिय संगीतावर लिहिताना साचेबंदपणाचा जो आरोप केला तो या पुराव्यावर सहज सिद्ध झाल्यासारखा वाटेल. परंतु अडोर्नोच्या साच्यात श्रोता ऐकण्यापूर्वीच ओळखीच्या सापळ्यात अडकलेला असतो. येथे ओळखीची चाल हे गाण्यात शिरण्याचे दार आहे. ज्याला चाल ठाऊक आहे तो पहिल्याच रात्री साथीला बसू शकतो. चालीचे श्रेय कोणी मागत नाही, म्हणून श्रेष्ठत्वाचा वाद चालीवर फार काळ टिकत नाही. चंद्रपुरातच दुसऱ्या एका गीतपरंपरेत हे चित्र बदलते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली आणि त्या भूमीवर भीमगीतांचा श्रोता घडला. वामनदादा कर्डक यांच्या गीतांविषयी बोलताना हा श्रोता शब्दाची कठोर छाननी करतो. गीत विचाराला सोडून गेले की गळा कितीही गोड असला तरी ते पडले. तेथे 'पटणे' हा उंबरठा आहे. तो ओलांडल्याशिवाय 'रंगणे' सुरूच होत नाही. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळांच्या नाटकाला बसलेला झाडीपट्टीचा प्रेक्षक याच्या उलट टोकाला असतो. त्याची समीक्षा 'वन्स मोअर' या दोन शब्दांत, त्याच क्षणी आणि पुरेशा मोठ्याने होते. आणि माडिया गोंडांच्या रेला गाण्यांत कर्त्याची नाममुद्राच नसल्यामुळे अमक्याचे सर्वांत चांगले गाणे हा प्रश्न या रूपात उभाच राहत नाही. तुकडोजींच्या भजनाच्या शेवटी येणारे त्यांचे नाव वादाला आधार देते. ज्याच्या नावाने गायचे, त्याच्या वतीने निवडायचे.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'औचित्यविचारचर्चा' लिहून औचित्याला रससिद्ध काव्याचे जीवित म्हटले आणि पद, वाक्य, अलंकार यांबरोबर देश व काल यांचेही औचित्य सांगितले. मात्र त्याचे देश-काल काव्याच्या आतले आहेत. वर्णन केलेला प्रदेश, वर्णिलेली वेळ. भजनश्रोत्याचे औचित्य काव्याच्या बाहेर पडते. कोणते भजन कधी, कोणानंतर, कोणासमोर, या प्रश्नांवाचून त्याला श्रेष्ठत्वाचा निर्णय देता येत नाही. मराठी समीक्षेने स्वायत्ततेच्या भरात प्रसंगाला कलाबाह्य ठरवले आणि नंतर सामाजिकतेच्या भरात प्रसंगाचा अर्थ केवळ 'पार्श्वभूमी' असा केला. दोन्ही वेळा प्रसंग हा निर्णयाचा घटक असू शकतो, ही शक्यता हातची गेली.

या वादाचे अकारण गौरवीकरण करण्याची गरज नाही. त्यात एक मोठी उणीव आहे. तेथे श्रेष्ठ भजन असते, कनिष्ठ भजन नसते. हजारो रचनांत शिथिल, केवळ उपदेशपर, यमकासाठी ताणलेल्या रचना असणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांना उघडपणे तसे म्हणणे श्रद्धेच्या चौकटीत बसत नाही. प्रतिकूल निर्णय दिला जातो तो मौनाने. ते भजन कोणी उचलत नाही, इतकेच. पुस्तकातले शेकडो आणि बैठकीतले मोजके, हे प्रमाण म्हणजे एका अलिखित समीक्षेचा निकाल आहे, आणि त्याची कारणे नोंदलेली नाहीत. खंजेरी भजनस्पर्धांचा परीक्षक गळा, ताल, उच्चार पाहून गुण देतो. रचनेला गुण देण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. अभ्यासकांनी तरी ती घेतली का? २००५ साली नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले आणि २०११ साली चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. ४१ अध्यायांच्या 'ग्रामगीते'वर लिहिणे सोपे असते, कारण ती ग्रंथ आहे आणि तिच्यात विषयवार अध्याय आहेत. भजनांवर लिहायचे तर रात्री जागाव्या लागतात.

मोझरीला पुण्यतिथीच्या दिवशी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी जमलेला समुदाय मौन पाळतो. एरवी बैठकीत मौनाला जागा नसते. एक भजन संपते त्या क्षणी दुसऱ्याचे ध्रुवपद कोणीतरी धरलेले असते, आणि ते कोणी धरायचे यावरही आधी नजरानजर झालेली असते. झोपडी आणि बेचाळीस ही दोन्ही भजने एकाच रात्री, त्याच खंजेरीवर होतात. त्यांतले आधी कोणते आणि नंतर कोणते, हे प्रत्येक मंडळाचे ठरलेले असते. पारावरच्या वादात हरलेला पक्षही पुढच्या बैठकीत साथीला बसतो, आणि आपले भजन दुसऱ्याच्या भजनानंतर घेता येते का, हे पाहतो.